पाव इंचाला केसभर कमी

आर्लिस: धर मोजपट्टी. चौकोन साडेबारा इंच भरायला हवा. तुझा किती भरतोय?

नेवा: बारा आणि… एक अष्टमांश.

आर्लिस: म्हणजे तीन अष्टमांश कमी. माझे सहा बरोबर, तुझे सहा आखूड. आई ही गोधडी अर्धवट ठेवून गेली. तिच्या नावानं जत्रेतल्या स्पर्धेत ठेवायची ही शेवटचीच, उद्या पाचला नोंदणी बंद. आणि तू बाहुलीचं पांघरूण घेऊन आलीस.

नेवा: मी आईच्याच मशीनवर शिवलंय. सुईशेजारी लावलेल्या तिच्या निळ्या चिकटपट्टीला कापडाची कड टेकवून. केसभर हललं नाही.

आर्लिस: आईचं मशीन तुझ्या घरी आलं, तिचे हात नाही आले. ती निळी पट्टी सुईपासून किती लांब आहे?

नेवा: मोजलंय मी. पाच सोळांश.

आर्लिस: आणि शिवणीबाहेर कापडाची माया किती ठेवायची असते?

नेवा: पाव इंच, त्यालाही केसभर कमी. म्हणून तर! सोळांश म्हणजे पावापेक्षा बारीकच की. आईच गुणगुणायची, ‘खाली आकडा मोठा, तुकडा तेवढा छोटा.’

आर्लिस: ‘वर किती ते मोज आधी, नाहीतर येईल तोटा.’ तुला कशातलाही सोपा अर्धा तेवढा आठवतो.

नेवा: आता शाळा घे माझी.

आर्लिस: घेतेच. बोट ठेव. पाव इंच म्हणजे सोळांशाची कितवी रेघ?

नेवा: चौथी.

आर्लिस: तुझी माया?

नेवा: पाचवी.

आर्लिस: आणि चौकोनात कमी पडलेले तीन अष्टमांश?

नेवा: सहावी. पाव सगळ्यात लहान, मग पाच सोळांश, मग तीन अष्टमांश. झालं समाधान? साठीच्या बाईला फळ्यासमोर उभी केलीस.

आर्लिस: शिवणीच्या दोन्ही कडांना एकेक सोळांश जास्त गेला, म्हणजे दर शिवणीला अष्टमांश. चौकोनात शिवणी तीन. उपटून टाक ती पट्टी.

नेवा: मी नाही चिकटवलेली. आईनं चिकटवली.

आर्लिस: आईनं जन्मभर पावावर शिवलं. मी तिच्या गुडघ्याला लागून शिकले.

नेवा: डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत. नंतर कड निसटायची, टाके हवेतच पडायचे. म्हणून तिनं पट्टी जराशी बाहेर सरकवली. तुला कुठून दिसणार? वर्षातून एकदा, नाताळाला यायचीस. पुढे तेही बंद केलंस.

आर्लिस: का बंद केलं, ते तुला ठाऊक आहे.

नेवा: सगळ्या चर्चला ठाऊक आहे. आईला पुरून आलो आणि जेवणाच्या टेबलावर, हॅमच्या ताटावरून सांगितलंस. ‘आईनं दिलेली नेवाची गोधडी पायाखाली दुमडते, माझी आखूड. मला नेहमी उरलेलंच.’

आर्लिस: आखूडच आहे. नमुना तोच, तुकडे तेवढेच, आणि माझे पाय उघडे पडतात.

नेवा: कधी शिवली तिनं ती?

आर्लिस: मी निवृत्त झाले तेव्हा.

नेवा: ऑपरेशन त्याच्या आदल्या वर्षी झालं.

(आर्लिस मोजपट्टी खाली ठेवते.)

नेवा: उभ्या ओळीत तुकडे किती तुझ्या गोधडीत?

आर्लिस: चाळीस.

नेवा: म्हणजे शिवणी एकोणचाळीस. दर शिवणीला अष्टमांश. गुणाकार तू कर, तुला येतो.

आर्लिस: बोलू नकोस.

नेवा: किती आखूड आहे? मोजली असशीलच तू.

आर्लिस: पाच इंचाला अष्टमांश कमी.

नेवा: तेवढंच येतं. नऊ वर्षं अबोला धरलास तिच्याशी. दर रविवारी जेवण झालं की ती फोनजवळची खुर्ची धरायची, ते मी बघितलंय.

आर्लिस: कात्री दे.

नेवा: मी उसवते माझे माझे. तुझे उपकार नकोत.

आर्लिस: तुझे राहू देत. माझे सहा दे इकडे, तेच उसवून तुझ्या मापाचे करते. आणि आईच्या त्या निळ्या पट्टीला हात लावू नकोस.