मिशा नसलेला महसीर

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय संचालकसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती मास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि मासळी तपासणी कार्यालयातील माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. तेवढ्यात मास्तर तीस मासे ओळखतात, तेव्हा तक्रार नाही.

कागदोपत्री ते तपासनीस. पण रोहू कुठला, कटला कुठला, खायचा कुठला आणि गळानं पकडून मिरवायचा कुठला, हे इथं प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं. पद्धत एकच. मासा ओल्या फडक्याखाली, फक्त तोंड उघडं. “तोंड बघून नाव सांग. खवल्यांवर भाळू नकोस.” हा सल्ला लग्नाआधी मिळायला हवा होता, असं आमच्या सौ.चं मत आहे. असो.

बारा वर्षांपूर्वी गळ टाकणाऱ्यांच्या क्लबची स्पर्धा होती; मासा ओळखून दाखला द्यायचं काम आपल्या कार्यालयाकडं. सर्वांत मोठ्या महसीरला करंडक. मी नोकरीत नवा, मास्तर पलीकडच्या टेबलावर. माझ्यापुढे एक अगडबंब मासा आला. खवले बघून मी दाखल्यावर ‘महसीर’ लिहून मोकळा झालो. फोटो छापून आला आणि हरलेल्या गड्याचं पत्र आलं: महसीरला चार मिशा असतात, याला एक तरी दाखवा. तो तळ्यात पाळलेला गवत्या, म्हणजे ग्रास कार्प होता. खायचा मासा!

करंडक परत गेला, कार्यालयाचं हसं झालं, चौकशी बसली. मी मूग गिळून बसलो. मास्तर उठले आणि म्हणाले, “शेवटची नजर माझी होती.”

नव्हती. त्यांनी तो मासा पाहिलाही नव्हता.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “का?” म्हणाले, “तू अजून कायम झालेला नाहीस. मी झालोय. जा, जेवून घे.”

त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला, बढती थांबली. मला मात्र दोन मिळाल्या. आज मी त्यांचा वरिष्ठ म्हणून बोलतो आहे. याची मला लाज वाटते. हे मी आजवर कोणालाही, वहिनींनाही, सांगितलं नाही.

अध्यक्षमहाराज, त्या शेऱ्याखाली सही आपली आहे. मास्तरांचं सेवापुस्तक आज पाच वाजता बंद होईल. त्याआधी तो शेरा खोडून माझ्या पुस्तकात घालावा. लेखी अर्ज आपल्यासमोर, हारांच्या तबकाखाली ठेवला आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर क्षमा असावी, असं म्हणून खाली बसायची रीत आहे. मास्तर, माझं चुकलं. क्षमा करा.