लाल टॅगवरची दुसरी सही

वहिनी, सरांची लेक मैथिली, पुढच्या रांगेत बसलेले मोठे साहेब, आणि चाकणहून शिफ्ट संपवून थेट इथं रावेतला शोकसभेला आलेल्या सगळ्या भावांनो,

माझ्या आधी चार जण बोलले. छान बोलले. गायकवाड सर म्हणजे कंपनीचा कणा, असंही कुणीतरी म्हणालं. कणा होते, तर मग राजगुरुनगरच्या गोडाऊनमध्ये कशाला टाकलं होतं हो त्यांना? मी बोलणार नव्हतो. माझी लायकी नाही. पण परवा वहिनींनी माझ्या हातात एक डबा ठेवला, म्हणून उभा राहिलोय. ज्यांना ऐकवणार नाही त्यांनी खुशाल बाहेर जावं.

मी शिवाजी. आज कंपनीत क्वालिटीचा हेड आहे. त्याआधी अकरा वर्षं सरांच्या हाताखाली होतो. बीडहून आलो तेव्हा मायक्रोमीटर कसा धरायचा हेही ठाऊक नव्हतं. सर म्हणाले, "शिवा, अडकित्ता आहे का तो? माप घेताना दाबायचं नाही. दाबलं की आपल्याला पाहिजे ते माप येतं." अकरा वर्षांत हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं असेल.

दोन वर्षांपूर्वी क्वालिटी हेडची जागा रिकामी व्हायची होती. उमेदवार दोघंच. सर आणि मी. आणि वरून फर्मान आलं, परदेशी कस्टमर गोल्फ खेळतात, तेव्हा तुम्हीही शिका. शनिवारी मैदानावर या. आता सांगा मला, जो माणूस ब्रेकचे पार्ट तपासतो, त्याला हेड करायला गोल्फ कशाला लागतो? तेव्हा हे कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

दोघांना एकेक डबा मिळाला. कंपनीचा लोगो छापलेले बारा पांढरे बॉल. मी माझा डबा देवापुढे ठेवला, अगरबत्ती लावली. खोटं कशाला सांगू! आणि सरांनी काय केलं? डबा उचलला आणि तपासणीच्या खोलीत नेला. "माल आला की तपासायचा. मग तो साहेबांनी दिलेला का असेना."

कॅन्टीनमधून मीठ मागवलं. बादलीत पाणी मी भरलं, मीठही मीच ढवळलं. मिठाच्या पाण्यात बॉल तरंगतो. जो भाग वर आला, तिथं सरांनी पेनानं ठिपका दिला आणि बॉल फिरवला. ठिपका पुन्हा वर. दहादा फिरवला, दहाही वेळा ठिपका वर. "बघ शिवा, एका अंगाला जड आहे. तू सरळ मारलास तरी हा वाकडा जाणार." बारातले पाच बॉल तसे निघाले.

मी म्हणालो, सात तर चांगले आहेत ना! तर म्हणाले, "चांगले आहेत, पण आपले नाहीत. हे मऊ बॉल हवेत जास्त फिरतात. ज्याचा हात बसलाय त्याला ते फिरणं उपयोगी पडतं. आपली चूक मात्र ते दुप्पट करतात. नवशिक्यानं साधा, टणक बॉल घ्यावा. आणि एकच जात धरावी, आज हा उद्या तो करू नये. नाहीतर चूक हाताची का बॉलची, कळणार कसं? आणि पिवळा घेऊ. गवतात सापडतो."

मग त्यांनी लाल टॅग काढला. आमच्याकडे नापास मालाला लाल टॅग लागतो आणि त्यावर दोन सह्या लागतात. एक तपासणाऱ्याची, एक पाहणाऱ्याची. सरांनी सही केली आणि टॅग माझ्यापुढे धरला. मला हसू आलं. म्हटलं, "सर, खेळायच्या बॉलला टॅग? सोमवारी करतो."

शनिवार आला. सरांनी खिशातून पिवळा बॉल काढला. मोठे साहेब, तुम्ही म्हणालात, "काय गायकवाड, जेजुरीहून डायरेक्ट आलात का? भंडारा लावलाय बॉलला!" सगळे हसले. मीही हसलो. चांगला खिदळलो. परदेशी पाहुण्यांनी विचारलं, कंपनीचा बॉल का नाही? सरांनी त्यांच्या त्या तुटक इंग्रजीत खरं ते सांगून टाकलं. तुमचा चेहरा पडला साहेब. तुम्ही माझ्याकडे वळलात. "शिवाजी, तू होतास ना तपासताना?"

वहिनी, मी होतो. बादली मी भरली होती. आणि मी म्हणालो, "मला तर ओके वाटले, साहेब."

ओके! आमच्या धंद्यात या एका शब्दावर गाडी रस्त्यावर जाते. लोक बायकापोरांना घेऊन त्यात बसतात. हा शब्द कधी उच्चारायचा, ते ज्या माणसानं मला शिकवलं, त्याच्या तोंडावर मी तो खोटा बोललो. सरांनी वाकून आपला पिवळा बॉल उचलला.

महिनाभरात मी हेड झालो. सर गोडाऊनला रिकामे क्रेट राखायला गेले. चिडले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. दिवाळीला फोन आला त्यांचा. "शिवा, माप घेताना दाबू नकोस रे." एवढंच बोलले. मी "हो सर" म्हणालो आणि मीटिंग आहे सांगून फोन ठेवला. मीटिंग नव्हती.

गेल्या मंगळवारी सर गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल. मी डॉक्टर नाही.

वहिनींनी दिलेला डबा हा बघा. पाच पांढरे बॉल, प्रत्येकावर ठिपका. आणि हा लाल टॅग. सरांची सही आहे. दुसरी जागा कोरी आहे. दोन वर्षं त्यांनी तो जपून ठेवला. कुणासाठी ठेवला असेल? दुसरं कोण होतं तिथं सही करायला?

साहेब, घड्याळ नंतर बघा. तुमच्या खिशातलं पेन द्या जरा.

सर, मागाहून केलेली सही आपल्यात चालत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तरी करतोय. तारीख आजचीच टाकतोय. मागची टाकणार नाही. पाचही बॉल नापास. मी पाहिलं होतं.

टॅग फोटोपाशी ठेवतोय. आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं गप्प राहू या. त्या शनिवारीही आपण गप्पच होतो.