हिरवा पाला

— न्हाई न्हाई भाऊजी, आसं दारातूनच माघारी जायचं न्हाई. एका पलटणीतले तुमी, लढाई सरल्यावर यांच्याबरोबर जपानात पहाऱ्याला व्हते म्हणता, आन आमच्या साखरा गावापर्यंत येऊन चहाबिगर जाणार? बसा त्या घोंगडीवर. ते गाठोडं ठेवा की बाजूला — काहून मांडीवर धरून बसले? आमच्या घरात कोणी पळवत न्हाई. आत्याबाई आत पडल्यात, त्यांना आता दिसत न्हाई, ऐकू मातर सगळं येतं, म्हणून जरा हळू बोलू. म्हणजे मीच बोलते. तुमी तर 'मी ग्यानबा, संतरामच्या पलटणीतला' एवढं म्हणून जे गप झाले ते गपच हाय. राहू द्या. हे बी आल्यावर आसेच व्हते.

दूध घालत न्हाई बरं का. गूळ बी न्हाई. घरात दोनी हाय, म्हस व्यालीय — पण हा चहा तसला न्हाई, तुमच्या जपानचाच हाय. हे मुंबईला चहा आणायला गेल्यावर डबा उपडा करून, ठोकून ठोकून चिमूटभर निघाला, तो ठेवलाय. मुंबईत न्हाईच मिळाला आन माणूस रिकाम्या हातानं आला, तर दारात पाय धुतल्यावर एक पेला तरी पुढं करता यावा म्हणून. आता तुमाला देते. आता पाणी बघा — उकळी फुटली की उतरायचं, पण ओतायचं न्हाई. थांबायचं. भांड्याला बोट लावायचं, बोट टेकवून धरता आलं की पाणी झालं. मंग पाला, मंग झाकण, आन बोलायचं न्हाई. हे मला यांनीच शिकवलं. ज्या माणसानं जल्मात आपल्या हातानं तांब्या भरून घेतला न्हाई, तो चुलीपुढं उकिडवा बसून बायकोला पाणी निववायला शिकवून राहिला! शेजारची अमीरबी कुडावरून बघून हसायची. मी बी हसले. म्हणलं, पलटणीत शिकवलं आसंल. शिकवतेत का हो पलटणीत? बंदुकीसंगट? — राहू द्या, पाणी निवू द्या.

पण शिकवणं नंतरचं. आधी काय झालं ते सांगते, हसाल तुमी. आषाढात आले. ट्रंकेतून काय निघालं — आत्याबाईला शाल, दोन बिनकानाचे पेले, आन एक पत्र्याचा डबा, वर बगळ्यांचं चित्र. आत हिरवा वाळका पाला. माझ्या हातात न्हाई दिला, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला. मला वाटलं, लाजून राहिले — पुढं आई बसलेली, बायकोला कसं द्यावं? आन परमुलखातून नवरा बायकोला हिरवा वाळका पाला काय म्हणून आणील, तुमीच सांगा! मेंदीच की! बाजारात आशीच तर येती, पंचमीच्या आधी. साऱ्या गल्लीला सांगून बसले मी, आमच्या यांनी समुद्रापल्याडची मेंदी आणली म्हणून. हे हिंगोलीला गेले तसा डबा काढला, मूठभर पाला पाट्यावर घेतला, अमीरबीला हाताखाली बोलावलं. तिनं वास घेतला. 'ये मेंदी नै दिसती गे पार्वती.' मी म्हणलं, तुला काय ठावं, जपानची मेंदी हाय, तिचा वास निराळा आसंल. वाटली, दोनी हातांवर थापली, फडकी बांधून निजले. सकाळी हात धुतले.

काहीच न्हाई. हात जसेच्या तसे. एवढासा पिवळट डाग, तो बी पाण्याबरोबर गेला. आता आमच्या बायांत काय म्हणतेत ते ठावंच हाय तुमाला — मेंदी जितकी रंगंल तितका नवऱ्याचा जीव. पंचमीचा दिवस, झोक्यापाशी समद्या हात पुढं करून दाखवून राहिलेल्या, आन मी पदरात हात लपवून उभी. 'दाखव की गं जपानची मेंदी!' दाखवते काय, कपाळ!

हे दुपारी आले. पाट्यावर वाळलेला हिरवा चोथा दिसला यांना. मी थट्टेनंच म्हणलं, तुमची मेंदी रंगली न्हाई हो. मारलं आसतं तर बरं झालं आसतं, भाऊजी. मारलं न्हाई. पाट्यापुढं बसले आन बोटानं एकेक कण खरवडून फडक्यावर गोळा केला, उन्हात वाळत घातला. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. 'तुला काय कळणार,' एवढंच. व्हय, मला काय कळणार. मी आपली ह्या घरात आत्याबाईला धरून मोट बघत, पिकं काढत, यांची वाट बघत बसलेली.

मंग शिकले. म्हणलं, ज्या पाल्यावर यांचा एवढा जीव, तो आपण नीट करायला शिकू. रोज सकाळी दोन पेले. एक यांच्यापुढं, एक समोर. समोरचा माझा, आसं मी धरून चालले — घशाखाली उतरायचा न्हाई, कडूझार, तरी प्यायची. एक दिवस पाणी बराबर निवलं, पाला बराबर पडला. यांनी घोट घेतला आन डोळ्याला पाणी आलं. म्हणले, 'आगदी तसाच झाला.' मी खूश! येडी मी, दिवसभर खूश. सांजच्याला भाकरी थापताना हात थांबला. तसाच म्हणजे कसा? कोणासारखा?

विचारलं न्हाई. विचारलं की घरात येतं, न्हाई विचारलं तर दाराबाहीर राहतं, आसं वाटायचं. मंग डबा सरला. हिंगोलीला हरिचंद शेटच्या दुकानात हिरवा चहा मागितला, तर शेटनं गवती चहाची जुडी बांधून दिली! मी हसले. हे न्हाई हसले. मुंबईला गोदीत जपानी माल उतरतो, पंधरा दिवसांत घेऊन येतो म्हणून मार्गशीर्षात गेले. आता शिमगा आला. नाक्यानाक्याला झडत्या चालल्यात, रझाकारांची धामधूम, वाटा बंद आसतील — आत्याबाईला रोज हेच सांगते. मला बी हेच सांगते.

घ्या, झाला. घ्या की.

...तुमी मान लववली. पेला उचलायच्या आधी. आन दोनी हातांनी धरला, एक हात खाली. हे बी आसंच करायचे. तोंड बी वाकडं केलं न्हाई तुमी. म्हणजे जपानात तुमी बी त्याच घरात चहाला बसत व्हते. बोला की भाऊजी. ती दिसायला कशी, ते न्हाई विचारत मी. गोरी का काळी, लेकरू हाय का न्हाई, काहीच न्हाई विचारत. एकच सांगा — हे माघारी येऊन राहिले का न्हाई? नुसती मान हालवा.

गाठोडं काहून सोडता? मी काय विचारते आन तुमी...

बगळे. तसाच डबा. नवा. यांनी दिला? मुंबईत भेटले तुमाला? आन हे कुठं हायेत? — काय म्हणलं? मोठ्यानं बोला. बोटीवर? खलाशाची नोकरी? आन ती बोट कुठं जाती? खाली काहून बघता, बोट कुठं जाती ते विचारलं मी!

हं.

म्हणजे चहा आणायला गेले व्हते, आन चहा आला. शब्दाचा पक्का माणूस.

— न्हाई आत्याबाई, कोणी न्हाई! वाटसरू हाय, वाट चुकला, पाणी प्यायला थांबला! तुमी पडा!

उठा भाऊजी. त्या उठायच्या आत निघा, तुमी पलटणीतले हे त्यांना कळलं तर पोराचं विचारतील. पेला राहू द्या तिथंच, मी धुते. आन तो डबा उचला, माझ्या घरात नको. घरी न्या, बायकोला द्या. पण हातात देताना आधी सांगा तिला — मेंदी न्हाई म्हणून.