सिस्टिममध्ये पोहोचलेलं पाणी

कडुबा : म्हंजी समदं पुसलं?

हिमांशू : सगळं नाही, मामा. फक्त टँकरच्या खेपांची नोंद गेली. कोणत्या गावाला कधी गेला, आज कोणाची पाळी, तेवढंच. बाकी सगळं शाबूत आहे. सभापती नानासाहेबांचा फोटो तर पहिल्याच पानावर हसतोय.

कडुबा : पाळीच नाय तर मंग ऱ्हायलं काय? भाईर अकरा टँकर भरून हुभे हायेत. फुलंब्रीकडं कोन जायाचं अन् जालना रोडला कोन, कोनालाच ठावं नाय. चुकलं तर एखादी वस्ती आज कोरडी ऱ्हातीय, सर.

हिमांशू : म्हणून तर तुम्हाला बोलावलं. सगळ्यात जुने ड्रायव्हर तुम्ही.

कडुबा : पन पुसलं कामून?

हिमांशू : डिस्क भरत आली होती. म्हटलं, गेल्या वर्षीच्या खेपा काढून टाकू. समोर पडद्यावर दोन काळ्या खिडक्या उघड्या होत्या. एक खऱ्या सर्व्हरची, एक सरावाची. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. मी सरावाच्या खिडकीत आधी करून बघितलं.

कडुबा : मंग?

हिमांशू : ती खरी निघाली. आणि 'गेल्या वर्षीच्या' एवढे दोन शब्द लिहायचे राहिले.

कडुबा : आन् त्यो मागं भिंतीवर कागद लावलाय, त्यात काय लिव्हलंय?

हिमांशू : तो नका वाचू.

कडुबा : चष्मा हाय की माझ्याकडं. 'खऱ्या सर्व्हरची खिडकी लाल रंगाची ठेवावी.' 'पुसण्याआधी किती ओळी पुसल्या जाणार ते मोजावं.' कोनी लिव्हलं हे?

हिमांशू : मीच. मागच्या महिन्यात इंजिनिअरिंग कॉलेजात माझं भाषण होतं, सर्व्हर कसा सांभाळावा यावर. शाल मिळाली, नारळ मिळाला. पोरांनी वहीत उतरूनसुद्धा घेतलं, बिचारी.

कडुबा : 'बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही, तो उघडून बघावा.' हे ब्येस हाय. मंग उघडा की.

हिमांशू : उघडला. आत काही नाही. बॅकअप त्याच भरलेल्या डिस्कवर जात होता. बारा दिवस मी रोज एक रिकामी फाइल जपून ठेवलीय. सर्व्हर रोज मेल करून ओरडत होता. मी त्या मेलसाठी वेगळा फोल्डर करून दिला, म्हणजे कटकट नको.

कडुबा : भुकणारं कुत्रं नेऊन दुसऱ्याच्या दारात बांधलं म्हना की.

हिमांशू : अगदी तसंच. आता तेरा दिवसांपूर्वीचा बॅकअप चांगला आहे, तो चढवलाय. मधले बारा दिवस तुमच्या डोक्यातून काढायचे. सगळ्या ड्रायव्हरांना एकेक करून विचारणार आहे, आधी तुम्ही. सांगा, मी टाइप करतो.

कडुबा : माझा टँकर तीन नंबरचा. सोमवार, बुधवार, शनिवार फुलंब्रीची शाळेजवळची टाकी. बेस्तरवारी मार्केटच्या मागची विहीर. इतवारी गाडी गॅरेजला. मंगळवार-शुक्रवार... ते असंच हिकडं-तिकडं.

हिमांशू : थांबा, असंच म्हणजे? जुन्या नोंदीत मंगळवार-शुक्रवार गाडेकर वस्ती आहे. पोहोचला, पोहोचला, पोहोचला. मग आता का नाही?

कडुबा : आताच काय, आधी बी नाय. पाडव्यापास्नं मी तिकडं गेलोच नाय, सर.

हिमांशू : मामा, इथे नऊ खेपा दिसतायत.

कडुबा : दिसत असतील. नाल्यावरचा पूल खचलाय. भरला टँकर वर घातला तर टँकर बी नाल्यात अन् मी बी. पहिल्याच दिशी तुमाला सांगाया आलतो. तुमी म्हनले, मला सांगू नका, मोबाइलच्या फॉर्मात भरा.

हिमांशू : मग भरलं का नाही?

कडुबा : कुठं भरू? तिथं एकच बटन हाय, 'पोहोचला'. नाय पोचलो त्याचं बटनच नाय. म्हून म्या काईच दाबलं नाय. मंग 'पोहोचला' कोनी दाबलं?

हिमांशू : मी. म्हणजे हाताने नाही, पण मीच. ज्या खेपेचं बटण कोणी दाबायचं नाही, ती पडद्यावर लाल व्हायची. नानासाहेब रोज सकाळी विचारायचे, एवढं लाल कशाला? शेवटी मी नियमच लिहून टाकला. रात्री आठपर्यंत कोणी काही दाबलं नाही, की आपोआप 'पोहोचला'. दुसऱ्या दिवशी सगळा पडदा हिरवागार. नानासाहेबांनी पेढे वाटले.

कडुबा : म्या बी खाल्ला व्हता. म्हनलं, सरला पोरगं झालं असंल.

हिमांशू : मग त्या खेपांचं पाणी गेलं कुठे?

कडुबा : भरला टँकर माघारी आनून काय करायचं? नानासाहेबाला फोन लावला. ते म्हनले, चिकलठाण्यात नवी सोसायटी झालीय, त्यांचा बोअर आटलाय, लई बोंब मारतेत. तिथं खाली कर.

हिमांशू : कोणती सोसायटी?

कडुबा : जाऊ द्या ना, सर.

हिमांशू : मामा.

कडुबा : तुमचीच की. तुमच्या मिसेसनी चहा बी पाजला मला. लई मायाळू हायेत.

हिमांशू : मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या नळाला धो-धो पाणी असायचं. मी गाडी धुतली हो त्या पाण्याने! वर आईला म्हणालो, नियोजन नीट असलं ना, की दुष्काळ जाणवत नाही.

कडुबा : खरंच हाय, तुमाला नाय जानवला.

हिमांशू : अजून पुढचं ऐका. त्या वस्तीवरून एक भागूबाई दर दोन-तीन दिवसांनी फोन करतात. मी काय सांगतो? 'मावशी, सिस्टिममध्ये पोहोचला दाखवतंय.' एकदा तर म्हणालो, आला असेल, नीट बघा.

कडुबा : टँकर काय शेळी हाय व्हय, हुडकायला?

हिमांशू : खेपा पुसल्या गेल्या तेव्हा फक्त घाम फुटला होता, मामा. आता लाज वाटतेय.

कडुबा : लाजून घागर भरत नाय. फोन लावा तिला.

हिमांशू : काय बोलू?

कडुबा : चुकलं म्हना. त्याला बटन लागत नाय.

(हिमांशू फोन लावून स्पीकर चालू करतो.)

भागूबाई : कोन?

हिमांशू : मावशी, मी हिमांशू. टँकरच्या ऑफिसातून.

भागूबाई : आज तुमीच फोन केला? पोचलं का तुमच्या सिस्टिमात?

हिमांशू : नाही, मावशी. पाडव्यापासून तुमच्याकडे एकही टँकर आलेला नाही. तुम्ही खरं सांगत होतात आणि मी खोटं. मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घेणं माझंच काम होतं. चुकलं माझं.

भागूबाई : बरं. आज तरी येतंय का?

हिमांशू : आज पहिली खेप तुमचीच. पण पूल खचलाय, मोठा टँकर पलीकडे येणार नाही. लहान टँकर कुठे मिळतो का बघतो, त्याला एक-दोन दिवस...

भागूबाई : ल्हान-मोठा काय करायचाय? पुलाच्या अलीकडंच हुभा करा. आमी बाया हंडे घिऊन येतो तितवर. मानसाला पूल धरतोय अजून.

कडुबा : मंग हे आधी कामून नाय सांगितलं, बाई? म्या लगोलग आलो असतो.

भागूबाई : तेवढंच सांगाया फोन लावीत व्हते, भाऊ. पूल म्हनूस्तवर तिकडून ठिवलेला असायचा.