बटणअप्पा

बायको : तिथे नको म्हणतेय ना मी. एसीवाल्याला दुसरी जागा बघायला सांग.

नवरा : दुसरी जागा तू दाखव. त्याने सगळं घर फिरून बघितलं. रस्त्याकडच्या भिंतीला सोसायटी हात लावू देत नाही. स्वयंपाकघरामागे जिना. उरली अप्पांच्या खोलीची ही बोळाकडची भिंत. बाहेरचं युनिट इथेच बसणार.

बायको : इथे म्हणजे काकूंच्या खिडकीसमोर.

नवरा : हो.

बायको : समोर म्हणजे किती समोर, कळतंय का तुला? इथून हात लांब केला तर त्यांच्या शिलाई मशीनवरची कात्री उचलता येईल मला. आपल्या खोलीतली सगळी गरमी त्यांच्या तोंडावर.

नवरा : बोळात वरपासून खालपर्यंत लोकांची युनिटं लागलीत. बोळ आधीच भट्टी झालाय. आपल्या एकाने काय फरक पडतो?

बायको : हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. 'माझ्या एकट्याने काय फरक पडतो.' आणि वर्गाला म्हणते, चला, उत्तर द्या.

नवरा : आणि देतात पोरं?

बायको : हात वर करून करून देतात.

नवरा : मग आज तू दे. तो खाली पाइप आणायला गेलाय, वर आला की भिंतीला भोक पाडणार. तोवर दे. आणि हळू बोल, बाहेरच्या खोलीत अप्पा जागे आहेत. धूळ उडेल म्हणून तिकडे झोपवलंय त्यांना, ऐकू येणं बंद झालेलं नाही त्यांचं.

बायको : मी एसीला नाही म्हणतच नाहीये.

नवरा : म्हणूही नकोस. डॉक्टर काय म्हणाले, ते तू माझ्याच शेजारी बसून ऐकलंस. यापुढे एकदा जरी अंग असं तापलं, तर काही हातात राहायचं नाही. उजवी बाजू तर गेलीच आहे. बोलताना जीभ लोळते. आता आणखी काय जायचं बाकी आहे ते सांग.

बायको : मला का सांगतोस? रोज मीच भरवते त्यांना.

नवरा : तुला नाही सांगत. मलाच सांगतोय. मला अजून ती दुपार डोळ्यांपुढून हलत नाही. डोक्यावर पंखा. बटण हाताच्या अंतरावर. आणि अप्पा खुर्चीत ओला टॉवेल मानेभोवती घेऊन बसलेले, टॉवेल वाळून कडक झालेला. त्या समोरच्या काकूंनी बोंब ठोकली नसती तर संध्याकाळी आपण येऊन काय उचललं असतं, सांग.

बायको : सांगू नकोस. माहीत आहे.

नवरा : त्यांनी खिडकीतून दोनतीन हाका मारल्या. अप्पा बघत होते म्हणे त्यांच्याकडे, पण उत्तर देईनात. मग त्या चपला न घालता धावत जिना चढून आल्या. वॉचमनला हाताशी धरून दार फोडलं. आणि आता त्याच बाईच्या तोंडावर आपण हे युनिट लावतोय. मला कळत नाही असं वाटतं का तुला?

बायको : कळतं ना, मग बोल ना तसं. एकाने काय फरक पडतो, असं का बोलतोस?

नवरा : बोलून गेलो. हे बोळातले सगळे तेच म्हणून लावून बसले. मी काय त्यांच्यापेक्षा शहाणा?

बायको : मी तरी कुठे शहाणी. मी बसवलं हे सगळं घरात. भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना. न्हाणीघरात शॉवर बंद, बादली. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. दुपारी सगळ्यांनी एका खोलीत बसायचं, एका पंख्यात भागवायचं.

नवरा : अप्पा आधी केवढे हसायचे तुला. म्हणायचे, सूनबाई जगाचा ताप उतरवायला निघाल्यात, आणि चहा मात्र गार देतात.

बायको : हसता हसता तेच पुढे निघून गेले माझ्या.

नवरा : आयुष्यभर बस चालवली ना. मला एकदा म्हणाले, मी जन्मभर नुसता धूर सोडत फिरलो, कुणी सांगितलंच नाही रे काही. त्या दिवसापासून जे हात धुऊन मागे लागले! जिन्यातला दिवा, गच्चीवरचा दिवा, शेजाऱ्यांच्या दाराबाहेरचा दिवा, दिसेल तो बंद. तो वरच्या मजल्यावरचा वकील पिशव्या घेऊन जिना चढत होता, मधेच अंधार. त्याने जी शिवी घातली! आणि अप्पा खालून काय म्हणतात, हाताने कठडा धरा, कठड्याला वीज लागत नाही.

बायको : पोरांनी नावच पाडलं, बटणअप्पा.

नवरा : त्यांना आवडायचं ते. आई गेल्यावर वर्षभर ते नुसते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, आठवतं ना? मी समजावून थकलो. तुझ्या या खुळाने उठवलं त्यांना. म्हणून मी कधी तुला बोललो नाही. आजही बोलणार नव्हतो.

बायको : मग बोल ना. बोलून टाक एकदाचं. नुसतं तोंड फिरवून बसतोस, त्यापेक्षा बरं.

नवरा : काय बोलू? तू एकट्या माणसाने पंखा लावू नये असं कधी म्हणाली नाहीस. सगळ्यांनी एकत्र बसा म्हणालीस. पण आपण दोघं कामावर. सगळे म्हणजे कोण? ते एकटेच. त्यांनी त्यांचा हिशेब केला. एकट्या जिवासाठी पंखा कशाला.

बायको : मी त्यांना शाळेत नेलं होतं.

नवरा : माहीत आहे मला.

बायको : वर्गासमोर उभं केलं. म्हटलं, हे माझे सासरे, आमच्या घरात सगळ्यात कमी वीज हे वापरतात. मुलांनी काय टाळ्या वाजवल्या. एकीने विचारलं, आजोबा, तुम्हाला उकडत नाही का? तर म्हणाले, सवय केली की उकडत नाही. मला इतकं बरं वाटलं ऐकून. मी त्या मुलीला म्हटलं, बघ, ऐकलंस?

नवरा : घरी आल्यावर अंगातला शर्ट काढायला तयार नव्हते. वर्गात घातलेला.

बायको : दुसऱ्या आठवड्यात ती उष्णतेची लाट आली. मी शाळेला जाताना म्हटलं होतं, अप्पा, आज उकाडा आहे, पंखा लावा हं. खरंच म्हटलं होतं. मान डोलावली त्यांनी. मला वाटलं, लावतील.

नवरा : तुझ्यासमोर लावला असता. पाठीमागे कशाला लावतील? तू शाबासकी दिली होतीस ना.

बायको : कोपऱ्यावरच्या त्या कपड्याच्या दुकानाचं दार दिवसभर सताड उघडं असतं. गारवा फुटपाथवर यावा आणि लोक आत शिरावेत म्हणून. काल तिथून येताना पायाला गार वारा लागला आणि मला रडूच कोसळलं. रस्त्यातच. इथे मी एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचं पंख्याचं एक पातं वाचवत होते, आणि तिथे नुसतं ओतून देतायत. कशाला केलं रे मी हे सगळं? कुणासाठी?

नवरा : आता तू रडू नकोस. मला दोघांना सांभाळायला जमणार नाही.

बायको : मला आता मुलांपुढे उभंच राहवत नाही. खोटं शिकवते असं म्हणत नाही मी. खरंच शिकवते. पण ते खरं इतकं एवढंसं आहे, आणि किंमत द्यायची वेळ आली तेव्हा अप्पांवर आली. दुकानवाल्यावर नाही.

नवरा : शू. थांब जरा.

बायको : काय झालं?

नवरा : मशीनचा आवाज थांबला बघ समोरचा. ऐकतायत त्या.

काकू : ऐकू नाही तर काय करू? कान काढून पेटीत ठेवू? इतक्या जवळ भांडता, मला धागासुद्धा ओवता येईना.

बायको : काकू, आम्ही भांडत नव्हतो.

काकू : मास्तरीणबाई, तुझं नाक लाल झालंय, इथून दिसतंय मला. आणि तो तुझा नवरा, तो भिंतीआड कशाला लपतो? लहान का आहे?

नवरा : लपलो नाही काकू. तुमच्याकडे बघायला तोंड नाही म्हणून.

काकू : तोंडाला काय धाड भरली? लावून टाका ते यंत्र. तो खाली पोरगा उन्हात पाइप घेऊन उभा आहे कधीचा, तुमचं वर काय ठरतंय म्हणून. मगाशी मलाच विचारत होता, बाई, वर जाऊ का?

बायको : काकू, त्याची सगळी गरम हवा थेट तुमच्या अंगावर येणार आहे.

काकू : येईल ना. मला कळत नाही का? खालच्यांचं येतं, शेजारच्यांचं येतं, तुमचंही येईल.

बायको : तुम्ही दिवसभर इथे खिडकीशी बसून शिवता.

काकू : मी खिडकी लावून घेईन.

नवरा : बंद खिडकीत एवढ्या उन्हाळ्यात?

काकू : दाराशी बसेन मशीन सरकवून.

बायको : दाराशी उजेड कुठे आहे तुमच्याकडे?

काकू : दिवा लावीन. पंखाही लावीन. आता काय, कोण येणार आहे बटण बंद करायला? तो माणूस तर आडवा पडलाय तुमच्याकडे.

नवरा : काकू, आम्ही पडदा लावू मधे. पत्रा लावू. एसीवाल्याला विचारतो, वारा वर वळवता येईल का.

काकू : विचार बाबा. नाही म्हणाला तरी लाव. मी त्या दिवशी अप्पांच्या अंगाला हात लावला होता. तुम्ही दोघं नंतर आलात, दवाखान्यात. मी लावला होता, मला माहीत आहे ते अंग कसं लागत होतं. तव्यासारखं. आणि त्या माणसाने त्या अवस्थेत मला काय सांगितलं, ठाऊक आहे? मी पंखा लावायला गेले. तर हाताने खुणा करतात, नको, नको. मी म्हटलं, अहो, आता मी आले आहे ना, आपण दोघं झालो. तेव्हा लावू दिला.

बायको : हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत.

काकू : सांगून काय करायचं होतं? तू आधीच अर्धी झालीस. ऐक मास्तरीणबाई, त्या कापडी पिशव्या शिवायला तू मला जुन्या चादरी दिल्यास, ते काम मी करतेय अजून. ते काही सोडणार नाही मी. पण ते एका जागी आणि अप्पा एका जागी. लाव यंत्र.

बायको : आणि तुम्ही?

काकू : मी काय. मी अजून चालती फिरती आहे. उकडलं की तुमच्या जिन्यात येऊन बसेन. तिथे अंधार असतो तुझ्या सासऱ्यांच्या कृपेने.

नवरा : काकू, तुम्ही दुपारी आमच्याकडे येऊन बसा. अप्पांच्या खोलीत. एक खोली गार, सगळ्यांनी तिथेच बसायचं.

काकू : मशीन डोक्यावर घेऊन येऊ? काम कोण करेल माझं? येईन कधी सवड झाली तर. चला, मी आवरते. खिडकीतले तुकडे उचलून घेते आधी, नाहीतर भोक पाडताना सगळा चुरा माझ्या शिवणावर.

(दुसऱ्या दिवशीची दुपार. अप्पांच्या खोलीत एसीचा एकसारखा आवाज. अप्पा पलंगावर, उशीला टेकून.)

बायको : आलास? लवकर सुटलास.

नवरा : अर्धा दिवस टाकला. बोळातून येताना मान वर करवेना मला. खाली उभं राहिलं तरी वारा लागतो, गरम. एसीवाला म्हणाला होता वर वळवतो, काही वळलेला नाही तो. अप्पा कसे आहेत?

बायको : खाल्लं आज नीट. थोडं झोपले. मगाशी डावा हात उचलून सारखं भिंतीकडे दाखवत होते. मला कळलं नाही.

नवरा : बटण म्हणत असतील. अप्पा, बटण? हो, तेच. असू दे चालू, अप्पा. आम्ही दोघं आहोत ना इथे. तुम्ही धरून तिघं. तिघांना एक चालतं की नाही? चालतं म्हणतात. बघ, पटलं त्यांना.

बायको : विचार ना, गार वाटतंय का.

नवरा : गार वाटतंय का, अप्पा? वाटतंय. कपाळ बघ, किती दिवसांनी गार लागतंय हाताला.

बायको : मग झालं. त्यासाठीच केलं ना.

नवरा : पुन्हा काहीतरी म्हणतायत. सावकाश, अप्पा. जिभेला घाई करू नका. खिडकी? आपली बंदच आहे, गारवा जाईल म्हणून. आपली नाही? समोरची.

बायको : काय म्हणतात?

नवरा : विचारतात, समोरची खिडकी का लावलेली आहे. काकू कुठे बाहेर गेल्यात का.

बायको : नाही अप्पा. घरीच आहेत.