घराला चाकं असली म्हणून काय आम्ही हलायचं?

नाही, मला एक सांगा, घराला चाकं असली म्हणून काय आम्ही हलायचं? ...अहो, तिथे नको, सतरंजीच्या त्या कोपऱ्यावर पाय नका ठेवू, इकडे सोफ्यावर बसा... हां! तर काय सांगत होते, अमेरिकेत ह्या स्टेट कॉलेज गावात आलो तेव्हा चारुदत्तची, म्हणजे आमच्या ह्यांची, पीएचडी चालू, अपार्टमेंटची भाडी ऐकूनच घाम फुटायचा, म्हणून गावाबाहेरच्या ह्या ट्रेलर पार्कात, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, हे जुनं मोबाइल होम घेतलं. जागा मालकाची, घर आमचं! नावात मोबाइल आहे, पण एकदा ठेवलं की ठेवलं हो, चाकं मातीत रुतलीयत, खाली ग्राउंडहॉग राहतो, तो घुशीसारखा बिळं करणारा प्राणी. आणि सासूबाईंनी नागपूरभर काय सांगितलंय? "मुलानं बंगली घेतली, चारी बाजूंनी मोकळी!"

तर मागच्या वर्षी, दोन हजार सहा साली, मालक म्हणाला जागा विकतोय, इथे स्टुडंट्ससाठी अपार्टमेंट्स होणार, तुमची घरं उचला! वर म्हणतो कसा, "मोबाइल होम्स आहेत ना, मग मूव्ह करा!" अरे बाबा, हे उचललं तर छप्पर एकीकडे, भिंती दुसरीकडे आणि मधे आम्ही दोघं उभे! घराला चाकं असली म्हणून काय आम्ही हलायचं?

शेजारची डोना, ही आमच्या पार्काची पुढारी, बोटात सिगरेट आणि आवाज असा की आख्ख्या गल्लीतली कुत्री गप्प बसतात, तिनं सगळ्यांना गोळा केलं. म्हणाली, अशी पार्कं वाचवायला सरकारची ग्रँट असते, जागा आपण सगळ्यांनी मिळून घ्यायची, आणि जी घरं मोडकळीला आलीयत त्यांच्या जागी सरकार नवी देणार! नवं घर, यार! न गळणारं! फक्त एक साहेब घरं बघायला येणार, घर जितकं मोडकं तितका चान्स जास्त. डोनानं मला दारातच धरलं, "हनी, काही म्हणजे काही आवरायचं नाही! बादली गळतीखाली, जमिनीतलं भोक उघडं! कळलं?" मला कळलं हो... पण सासूबाई आल्या होत्या ना इंडियातून!

त्या म्हणाल्या, "सरकारी माणूस घरी येणार आणि मी त्याला बादली दाखवू? लोक काय म्हणतील!" कुठले लोक? तो ग्राउंडहॉग? नेमकी त्या दिवशी माझी लायब्ररीत ड्यूटी, कॅम्पसची बस चुकली, धावतपळत आले तर बघते काय... भोकावर सतरंजी, फुगलेल्या भिंतीवर सोलापुरी चादर, बादलीत प्लास्टिकची फुलं, दारात रांगोळी आणि साहेब टाय सावरत पोह्यांची दुसरी बशी हाणतायत! आणि सासूबाई, इंग्रजी मोजून चार शब्द, जमिनीवर पाय आपटून आपटून सांगतायत, "स्ट्राँग! गुड! नो प्रॉब्लेम!" अहो आई, आपटू नका, खाली जाल!

पण साहेब मुरलेला होता. बशी ठेवली, चादर उचलून भिंत बघितली, सतरंजीचा कोपरा उचलून भोक बघितलं, पेन काढलं... मिळालं! मी मनातल्या मनात नव्या घराचे पडदेसुद्धा निवडले! आणि तेवढ्यात त्याला काय बुद्धी झाली कोण जाणे, माझ्याकडे असं कीव आल्यासारखं बघितलं आणि म्हणतो, "ओह, यू पुअर थिंग... हाऊ डू यू पीपल लिव्ह लाइक धिस?"

आता तुम्हीच सांगा, कुणाला खपेल हे? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! म्हटलं, "एक्स्क्यूज मी! काय झालंय आमच्या घराला? तुमच्या इथल्या बर्फाला पुरून उरलंय हे! ह्या टेबलावर थीसिस लिहिला जातोय, त्या कोपऱ्यात गणपती बसतो, ह्याच गळक्या... ह्याच छपराखाली दिवाळीला पंचवीस माणसं जेवून गेलीयत, एकानंही नाक मुरडलं नाही!" सगळं इंग्रजीत सुनावलं! आणि सासूबाई मागून ठेक्यात, "गुड! स्ट्राँग!" साहेब कानापर्यंत लाल झाला, सॉरी म्हणाला आणि पेन फिरवून काहीतरी भलतंच लिहिलं.

ग्रँट आली! मालक बसला हात चोळत, जागा आता आम्हा सगळ्यांची, आम्हाला हलवायची कुणाची टाप नाही! डोनाला नवं घर, समोरच्या आजोबांना नवं घर, त्यांची जुनी घरं ट्रकमागून वाजतगाजत गेली... आणि आमच्या घराबद्दल साहेबाचा शेरा, "घर उत्तम. रहिवासी समाधानी. आहे तसंच जतन करावं." तोवर नागपूरला परतलेल्या सासूबाई फोनवर काय खूश! "बघ, मी म्हटलं नव्हतं, स्ट्राँग!" चारुदत्त म्हणतो, "लतिका, दोन मिनिटं गप्प बसली असतीस तर?" का बसू? उद्या पुन्हा कुणी तसं विचारलं तर पुन्हा सुनावीन! घराला चाकं असली म्हणून काय...

थांबा, पाऊस आला वाटतं. नाही नाही, गळत नाही हो, काय झालंय आमच्या घराला? घर काही हलणार नाही... तुम्हीच तेवढे जरा तिकडे सरका, इथे बादली ठेवायचीय.