पडत्या भावात

(माण तालुक्यातलं एक गाव, दहिवडीच्या पुढं. म्हातारा अर्जुना डोळ्याचं ऑपरेशन करून, चार महिने लेकीकडं शिरवळला राहून आज घरी आलाय. सोबत लेक अपेक्षा. दोघं मेंढरांच्या वाडग्यापुढं उभी आहेत, आणि समोर अपेक्षाचा धाकटा भाऊ अमृत.)

अपेक्षा : चारायला दिल्यात म्हणतोस, तर कुणाकडं दिल्यात त्याचं नाव सांग की. मघापासनं विचारतेय.

अमृत : आक्का, आत्ताच आलीयास. जरा च्या तरी घे.

अपेक्षा : च्या प्यायला आले न्हाई मी. कंपनी बंद पडली, तुझ्या दाजींना घरी बसवलं. खोली सोडली आमी. ते सामानाचा टेम्पो घेऊन फलटणच्या पुढं आलं असतील. कशाच्या जिवावर येतोय आमी, सांग बघू? माझ्या मेंढरांच्या. लग्नात आबांनी एक मेंढी आंदण दिली, ती तुमच्याच कळपात ठेवली. तिची कोकरं, कोकरांची कोकरं, एक बी इकलं न्हाई मी आजवर. पोराच्या आजारपणात कानातलं मोडलं, पर मेंढराला हात लावला न्हाई.

अर्जुना : नाव सांग, अमृत. तिचा हक्क हाय.

अमृत : आबा, तुमी उनात उभं ऱ्हाऊ नका. डाक्टरनं सांगितलंय न्हवं.

अर्जुना : दिसतंय मला आता. वाडगं झाडून काढल्यालं दिसतंय. कळप माघारी येनार असला, तर कोन एवढं झाडून काढतंय?

अमृत : इकली.

अर्जुना : कुठली?

अमृत : समदी.

अपेक्षा : माझी बी?

अमृत : समदी म्हनलं की, आक्का.

अपेक्षा : आरं, मग पैसं कुठं हायेत?

अमृत : मोबाईलवर. म्हंजे हुतं. क्रिप्टोत घातलं हुतं.

अर्जुना : ते काय असतंय?

अमृत : कॉइन असतंय, आबा. नाणं. पर हातात धरायचं न्हाई. नोट न्हाई, बँक न्हाई, सरकारचा शिक्का न्हाई. आपन घ्यायचं आनि ॲपवर भाव बघत बसायचा. दिवाळीला आपलं दोन नर इकून पयलं घेतलं, तर महिन्याभरात दीडपट झालं. खरंच झालं. काढलं मी. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन त्याच पैशात केलं.

अपेक्षा : तवा मला म्हनालास, नराला भाव चांगला आला.

अमृत : खरं सांगितलं असतं, तर तू थांबवलं असतंस.

अपेक्षा : थांबवलंच असतं.

अमृत : म्हनून न्हाई सांगितलं. आक्का, तू शिरवळला ऱ्हातीस. हितं काय हाय, तुला ठाव न्हाई असं न्हाई. तीन ठिकानी पोरगी बघाय गेलो. पोराच्या हातात काठी हाय म्हनलं की च्या बी आणंनात. माझ्या संगतीची पोरं मुंबईला गेली, मी आबांसाठी मागं ऱ्हायलो. मेंढी वर्साला एक कोकरू देती, आनि हे महिन्यात दीडपट. वाटलं, एकदाच घालायचं. उन्हाळ्याच्या आत कळप दुप्पट करून उभा करायचा. तुझी बी दुप्पट दिली असती मी. आईशप्पथ.

अपेक्षा : आईला मधी आनू नकोस.

अर्जुना : मग काय झालं?

अमृत : पयलं आठ दिवस चढलं. मग एका रात्रीत लय पडलं. झोपताना हुतं, त्याच्या निम्मंच सकाळी ऱ्हायलं. परत जरा चढलं, परत पडलं.

अपेक्षा : निम्मं हुतं, तवा का काढलं न्हाईस? निम्मी मेंढरं तरी आली असती.

अमृत : आबांना इचार.

अर्जुना : मला? मी काय केलं?

अमृत : तुमीच शिकवलंसा. दुष्काळात चारा छावण्या पडल्या त्या साली समद्यांनी मातीमोल भावात जितराब इकलं. तुमी एक न्हाई इकलं. आईच्या पाटल्या मोडून चारा आनलासा. पाऊस पडला, आनि आख्ख्या गावात आपलाच कळप ऱ्हायला हुता. किती येळा सांगितलंय तुमी मला, पडत्या भावात इकायचं न्हाई, दम धरायचा. मी दम धरला, आबा. ज्यानं ॲप घालून दिलं, त्यो मोबाईलच्या दुकानातला मोहिते म्हनत हुता, काढ, काढ. मी म्हनलं, आमी मेंढपाळाची पोरं हाय, आमी असं भीत न्हाई.

अर्जुना : म्हनलं हुतं मी. मेंढरासाठी म्हनलं हुतं.

अमृत : त्यात काय फरक हाय?

अर्जुना : भाव पडला तरी मेंढीच्या पोटातलं कोकरू वाढत असतं, बाबा. तिला भाव ठाव नसतो. म्हनून थांबलो मी. ह्याच्या पोटात काय वाढत हुतं?

अमृत : काय न्हाई. दुसऱ्यानं जास्त दिलं, की वाढतं.

अर्जुना : आनि दुसऱ्यानं न्हाईच दिलं तर?

अमृत : तर न्हाई वाढत.

अर्जुना : हे तुला तवा ठाव हुतं?

अमृत : ठाव हुतं. पर कुनीच देनार न्हाई, असं वाटलं न्हवतं.

अपेक्षा : माझी आंदणाची मेंढी? ती म्हातारी?

अमृत : जाऊ दे ना, आक्का.

अपेक्षा : तिचा काय भाव आला, सांग.

अमृत : दात पडलं हुतं तिचं. व्यापारी घ्यायला तयार न्हवता.

अपेक्षा : मग?

अमृत : कळप हालला, तशी ती बी मागं मागं चालाय लागली. गाडीपाशी जाऊन उभी ऱ्हायली. त्यानं तशीच वर घेतली.

अपेक्षा : फुकट.

अमृत : व्हय.

अर्जुना : पोरी, बस खाली. हितं दगडावर बस.

अपेक्षा : मला काय झालं न्हाई. आता किती ऱ्हायलंय त्यात?

अमृत : आज मोडलं तर एक मेंढी येईल. पर काल जरा चढलंय, आक्का. महिनाभर थांबलो, तर निदान तुझी तरी...

अपेक्षा : आत्ता मोड.

अमृत : उगं घाई करतीयास. एवढा दम धरला, तर आनि जरा...

अर्जुना : मोड, अमृत. मी सांगतोय. थांब म्हनून मीच सांगितलं हुतं, आता मीच मोड म्हनतोय.

अमृत : ...मोडलं. उद्यापतुर खात्यात येतील.

अर्जुना : खात्यात आलं की तिच्या हातात दे. माझं, तुझं त्यात काय न्हाई. आनि उद्यापासनं कुनाची बी मेंढरं अर्धलीनं राखायची. कोकरं निम्मी त्याची, निम्मी आपली. आपल्यातली पयली तिच्या वाट्याची. मी बी येतो तुझ्याबरं.

अमृत : तुमी कशाला? ह्या डोळ्यांनी?

अर्जुना : डोळं चांगलं झाल्यात.

अपेक्षा : फोन वाजतोय. ह्यांचाच हाय.

अमृत : दे हिकडं. मी सांगतो दाजींना. माझ्याच तोंडानं सांगतो.

अपेक्षा : नको. तू रडशील, आनि त्यांना काय कळायचं न्हाई. हॅलो... व्हय, पोचलो आमी. आबा बरं हायेत... ऐका, मेंढरं न्हाईत. न्हाईत म्हंजे इकली अमृतनं. माझी बी... समदी... आवं, टेम्पो माघारी कुठं वळवताय? खोलीची किल्ली दिली न्हवं आपन मालकाला... न्हाई, मी कुठं रडतेय. तुमी या, मग बोलू... सामान कुठं उतरायचं म्हंजे? जागा हाय की. वाडगं रिकामंच हाय.